चकाचक पार्ट अन् 11.4 मिलिग्रॅम: मिलिपोर टेस्टबद्दल जरा सविस्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. हिंगणघाटकडच्या एका पोट्ट्याचं छोटं वर्कशॉप आहे, तीन सीएनसी मशीन, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या कास्ट आयर्न बॉड्या मशीन करून कंपनीला देतो. 200 नगांचा लॉट परत आला. सोबत एका पानाचा रिपोर्ट, त्यावर लिहिलं की मिलिपोर टेस्टमध्ये (पार्ट धुऊन निघालेली घाण गाळून मोजायची टेस्ट) 11.4 मिलिग्रॅम घाण निघाली, लिमिट 6 आहे. हा म्हणतो आम्ही डिझेलने धुतो, एअर गन मारतो, पार्ट आरशासारखा दिसतो, मंग घाण आली कुठून, कंपनी पैसे कापायचा बहाणा तर करून नाही राहिली, अन् ही टेस्ट आपल्या गावात होते का.

भाऊ, तू माझ्या पोराच्या वयाचा असशील म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. मी 22 वर्षं याच कामात काढली, सुरुवात वॉशिंग सेक्शनला, मंग लॅबमध्ये, आता छोट्या युनिटवाल्यांना जाऊन सांगत असतो. तर सरळ सांगतो. कंपनी बहाणा करून राहिली असं मला नाही वाटत. पण तो 11.4 आकडा बरोबरच आहे असंही मी म्हणणार नाही. तू पाठवलेल्या पानावर ब्लँक व्हॅल्यू (पार्ट न ठेवता केलेल्या टेस्टचा आकडा) लिहिलेली नाही, कोणत्या फ्लुइडने धुतलं ते नाही, किती वेळा धुतलं ते नाही. अशा रिपोर्टवरून पार्ट खराब का टेस्ट खराब हे कोणालाच सांगता येत नाही, त्यांनाही नाही.

पहिले डोळ्याचं बोलू. चांगल्या नजरेच्या माणसाला जेमतेम 40-50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दिसतो, तोही उजेडात अन् पांढऱ्या कागदावर. डोक्याचा केस धर 70 मायक्रॉन. तुझ्या बॉडीत जो स्पूल, म्हणजे गोल दांडा, सरकतो त्याची क्लिअरन्स, म्हणजे बाजूची फट, काही मायक्रॉनच असते, पाच-दहा म्हण. आता गंमत अशी की एकदम मोठा कण त्या फटीत शिरतच नाही अन् एकदम बारीक असला तर तेलासोबत निघून जातो, जो फटीच्या मापाचा असतो तोच अडकतो, स्पूल घासतो, जाम करतो. म्हणजे जो कण तुझ्या व्हॉल्व्हची वाट लावते तो तुला दिसतच नाही, अन् जो दिसते तो तू आधीच पुसून टाकलेला असतो. म्हणून ‘आरशासारखा दिसतो’ हे वाक्य कंपनीत बोलूच नको, तिथला क्वालिटीवाला मनात हसते.

हे सगळं आपल्या इथं कोणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. गाड्यांमध्ये अँटी-लॉक ब्रेक, हाय प्रेशर डिझेल इंजेक्शन असे बारीक फटींचे सिस्टीम आले तसा एक-एक कण महाग पडू लागला, मंग जर्मन गाडीवाल्यांच्या संघटनेने पार्टाच्या सफाईचं स्टँडर्ड व्हीडीए 19 काढलं, 2007 मध्ये आयएसओ 16232 आलं, व्हीडीए 2015 ला सुधारलं अन् आयएसओ 2018 ला. आज ड्रॉइंगवर यातलं काहीतरी लिहिलेलं असते. तेलाच्या सफाईचं आयएसओ 4406 वेगळं, ते 18/16/13 असे तीन आकडे असतात, ते पार्टाचं नाही. दोन्हीची खिचडी केलेले परचेसवाले मी पाहिले आहेत, म्हणून सांगून ठेवलं.

आता टेस्ट होते कशी. घाण पार्टावर असताना मोजताच येत नाही, ती आधी पार्टावरून काढून फ्लुइडमध्ये आणा, फ्लुइड फिल्टर पेपरमधून ओढा, अन् पेपरवर जे राहिलं ते मोजा. एवढंच आहे. पेपर म्हणजे 47 मिलिमीटरची गोल चकती, बहुतेक वेळा 5 मायक्रॉनची. मिलिपोर हे खरं तर फिल्टर बनवणाऱ्या कंपनीचं नाव, पण आपल्याकडे टेस्टचंच नाव पडून गेलं, जसं फोटोकॉपीला झेरॉक्स. पेपर ओव्हनमध्ये सुकवायचा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करायचा, वजन करायचं, मंग गाळायचं, पुन्हा सुकवायचं, थंड करायचं, पुन्हा वजन. दोन वजनांतला फरक ती तुझी घाण. काटा लागतो 0.1 मिलिग्रॅमवाला, त्याहून बारीक असला तर अजून चांगलं. सराफाचा काटा चालत नाही, तो सोन्यासाठी ठीक आहे.

घाण काढायचे प्रकार वेगवेगळे. नोझलने प्रेशरचा फवारा मारणं, अल्ट्रासॉनिक टाकीत बुडवणं, आत फ्लुइड भरून बूच लावून हलवणं, किंवा आतल्या गॅलरीतून, म्हणजे तेलाच्या रस्त्यांतून, फ्लुइड सोडत राहणं. तुझी बॉडी कास्ट आयर्नची आहे म्हणून इथं एक धोका. कास्ट आयर्न अल्ट्रासॉनिकमध्ये जास्त वेळ ठेवलं तर पार्टाचाच पृष्ठभाग सुटू लागते, ग्राफाइट बाहेर येते, पेपर काळा होते अन् वजन वाढतच जाते. ती घाण नाही, तो पार्टच आहे! त्यांनी कशानं काढलं हे विचारणं तुझा हक्क आहे. बॉडीसाठी फवाराच बरा, अन् नोझल क्रॉस होलच्या (आत एकमेकांना छेदणाऱ्या भोकांच्या) तोंडाशी नेऊन मारायचा.

किती वेळा धुवायचं याचा नियम आहे, त्याला डिके टेस्ट म्हणतात. एकच पार्ट सहा वेळा धुवायचा अन् दर वेळचा पेपर वेगळा मोजायचा. समज पहिल्यांदा 4 मिलिग्रॅम निघाली, मंग 1.2, मंग 0.4. तिसऱ्याची 0.4 ही आतापर्यंतच्या एकूण 5.6 च्या 10 टक्क्यांच्या आत आली, म्हणजे तीन धुण्यांत पार्ट साफ झाला, आता रोजच्या टेस्टला तेवढंच करायचं. सहा वेळा धुऊनही शेवटचा आकडा 10 टक्क्यांखाली येत नसेल तर पद्धतच चुकली, प्रेशर वाढव, अँगल बदल, नाही तर वर सांगितलं तसं पार्टच झिजून राहिला. हे एकदा नवीन पार्टासाठी करायचं असते, दर लॉटला नाही. पण लोक हे करतच नाहीत, सरळ एकदा धुतात अन् आकडा लिहितात, अन् त्या आकड्यावर बिल कापल्या जाते.

आता ब्लँक. यावर मी जरा जास्त बोलणार कारण माझं नाक यातच कापलं होतं. ब्लँक म्हणजे पार्ट न ठेवता सगळी टेस्ट तशीच करायची, तेवढंच फ्लुइड, तीच ट्रे, तेच नोझल, तेवढाच वेळ, फक्त पार्ट नाही. जी घाण येईल ती तुझ्या टेस्टची स्वतःची घाण. ती पार्टाच्या लिमिटच्या 10 टक्क्यांच्या आत पाहिजे. लिमिट 6 तर ब्लँक 0.6 च्या आत. अन् जिथं सगळ्यात मोठ्या कणाचं लिमिट आहे, समज 400 मायक्रॉन, तिथं ब्लँकमध्ये त्याच्या अर्ध्याहून मोठा कण नको, म्हणजे 200 च्या वर नको.

माझी गोष्ट ऐक. आमची लॅब नवीन होती, एसी लागला नव्हता, नोव्हेंबर लागला होता म्हणून खिडकी उघडी ठेवत होतो, मस्त गार हवा. दोन आठवडे प्रत्येक पार्ट फेल. पेपर मायक्रोस्कोपखाली घेतला तर धागेच धागे, लांबच लांब पांढरे. आम्ही वॉशिंगवाल्यांना शिव्या घातल्या, हातमोजे बदलले, पुसायचं कापड बदललं, सप्लायरला चिठ्ठी लिहिली. शेवटी एका म्हाताऱ्या हेल्परने खिडकीकडे बोट दाखवलं, ‘साहेब, तिकडं जिन चालू झाली ना.’ सहाशे-सातशे फुटांवर जिनिंग, सीझन सुरू, हवेत रुई उडून राहिली अन् आमच्या ट्रेमध्ये पडून राहिली. तोवर एकही ब्लँक घेतला नव्हता. ज्या सप्लायरला चिठ्ठी लिहिली त्याची माफी मागायला मलाच पाठवलं.

तुझं वर्कशॉप हिंगणघाटकडे म्हणतो, म्हणजे कापूस सगळ्या बाजूनं, म्हणून हे लक्षात ठेव. कापसाच्या तंतूची जाडी साधारण 15-20 मायक्रॉन अन् लांबी इंचभर. स्टँडर्डमध्ये धाग्याची व्याख्याच आहे, जाडी 50 मायक्रॉनच्या आत अन् लांबी जाडीच्या 20 पटीहून जास्त, असं असेल तर त्याला फायबर म्हणून वेगळं मोजायचं, कणांत धरायचं नाही. सॉफ्टवेअर नसलेला माणूस लांबी पाहून त्याला 3000 मायक्रॉनचा कण लिहून टाकते अन् तुझा लॉट मेला. मायक्रोस्कोपचा रिपोर्ट असेल तर पेपरचा फोटो माग. अन् तू स्वतः पार्ट पुसायला कॉटन वेस्ट वापरत असशील तर आजच बंद कर, त्याच्यासारखी धागे सोडणारी वस्तू नाही.

वजनाबद्दल अजून एक हिशोब सांगतो, हा मी सगळ्यांना सांगतो. लोखंडाचा एक घन मिलिमीटर म्हणजे 7.85 मिलिग्रॅम. तर अर्धा मिलिमीटर बाजूचा एकच चौकोनी तुकडा जवळपास 1 मिलिग्रॅम भरते. तेवढंच वजन 0.1 मिलिमीटरचे 125 तुकडे मिळून होते. आता तुझा 11.4 हा आकडा अशा अकरा-बारा लटकलेल्या बरींमुळेही (बर म्हणजे मशीन केल्यावर कडेला राहिलेला धातूचा धारदार तुकडा) येऊ शकते, किंवा हजार-दीड हजार बारीक कणांमुळेही. दोन्हीचा इलाज पूर्ण वेगळा आहे, पहिल्यात डीबरिंग सुधारायचं, दुसऱ्यात धुणं. म्हणून नुसतं वजन पाहून काही समजत नाही, पेपर पाहावाच लागते.

पेपर पाहायचा म्हणजे काय पाहायचं. चमकते ते धातू, पोलरायझर फिरवला की धातूची चमक विझते अन् बाकीचं तसंच राहते, त्यावरून वेगळं करतात. पण गंज चढलेला किंवा जळून काळा झालेला लोखंडाचा कण चमकत नाही, तो ‘नॉन मेटल’मध्ये जाते, म्हणून पेपरखालून एक लोहचुंबक फिरवून पाह, हलला तर लोखंड. कुरळी लांब चिप म्हणजे टर्निंग-ड्रिलिंगची. चपटी पातळ पापडी म्हणजे बर तुटून आलेली. काचेसारखा पारदर्शक गोलसर दाणा म्हणजे कास्टिंगची कोअर सँड (साच्याच्या आतल्या गाभ्याची वाळू), ती तुझी चूकच नाही, फाउंड्रीची आहे, पण लॉट तुझा परत येते. टोकदार दाणे, धातू नाही अन् चुंबकाला दाद देत नाहीत, तर ग्राइंडिंग व्हील किंवा होनिंग स्टोनचे (भोक आतून घासायच्या दगडाचे) असू शकतात, हे सगळ्यात वाईट, अॅल्युमिना अन् सिलिकॉन कार्बाइड कोणत्याही स्पूलपेक्षा कडक. अन् मातकट काळपट थर दिसला तर तो आपलाच, काळी माती, चपलांनी आत आलेली. एकदा पेपर वाचायला शिकला की घाण कोणत्या मशीनवरून आली हे तूच सांगशील, कोणाला विचारायची गरज नाही.

ड्रॉइंग पुन्हा उघडून एक गोष्ट पाह. 6 मिलिग्रॅम हे एका पार्टाला आहे, का 1000 चौरस सेंटिमीटरला? दोन्ही पद्धती चालतात. समज 1000 ला 6 असेल अन् तुझ्या बॉडीचा मोजायचा पृष्ठभाग 500 असेल तर तुला फक्त 3 मिलिग्रॅम परवानगी आहे, म्हणजे तू समजतोस त्याहून वाईट हालत. अन् त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोजायचा पृष्ठभाग कोणता. व्हॉल्व्हमध्ये तेल लागते ते आतून. बाहेरचा कच्चा कास्टिंगचा भाग, त्यावरचा गंज, वाळू, ते सगळं फवाऱ्यात धुऊन पेपरवर आलं तर आकडा दुप्पट-तिप्पट होते अन् व्हॉल्व्हला त्याचा काही फरक पडत नाही. माझा अंदाज विचारशील तर तुझ्या केसमध्ये हेच झालं असावं. ड्रॉइंगवर फक्त आतल्या गॅलरी लिहिल्या असतील तर बाहेरून फवारा मारलेला रिपोर्ट तुला नाकारता येते.

आता तुझं स्वतःचं. डिझेल. बाप्पा, हे लय जागी पाहिलं. एकाच डब्यात आठवडाभर तेच डिझेल, वरचा पार्ट धुताना खालच्या गाळात बुडवणं, मंग एअर गनने झाडणं. डब्यातल्या डिझेलात आधीच्या दोनशे पार्टांची घाण असते, तू पार्ट धुत नाहीस, घाण वाटून देतोस. एअर गन चिप बाहेर काढत नाही, ब्लाइंड होलमध्ये (आरपार नसलेल्या भोकात) अजून आत ठोकते, अन् तुझा कॉम्प्रेसर पाणी अन् तेल सोडत असेल तर तेही सोबत. अन् जिवाचं सांगतो. आपल्या इथं डिझेलचा फ्लॅश पॉइंट स्पेसिफिकेशनप्रमाणे किमान 35 अंश. मे महिन्यात आपल्या टिनाच्या शेडमध्ये 45 च्या वर असते. म्हणजे ठिणगी मिळाली तर पेट घ्यायला लागणारी वाफ आपोआप तयारच आहे, अन् फवारा मारला तर अजून सोपं. पेट्रोलचं तर नावच काढू नको. 60 अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेलं क्लिनिंग फ्लुइड मिळते, महाग वाटते पण गाळून पुन्हा वापरता येते. आधी पाणी-डिटर्जंटवालं गरम वॉशिंग, मंग स्वच्छ गाळलेल्या फ्लुइडचा शेवटचा हात, असं केलं तर बरंच खाली येते. बोअरवेलचं जड पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नको, सुकल्यावर पांढरे क्षार राहतात अन् तेही वजनात येतात.

धुण्याआधी बरी काढ. क्रॉस होल जिथं एकमेकांना छेदतात तिथं बर राहतेच, धुतलं तरी निघत नाही अन् कंपनीच्या लॅबच्या प्रेशरने निघते. मॅग्नेटिक चकवर ग्राइंडिंग होत असेल तर पार्टात चुंबकत्व राहते, धुतलेली चिप परत चिकटते, एक टाचणी जवळ नेऊन पाह, ओढली तर डिमॅग्नेटाइज करून घे. शेवटचं रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल कधी टेस्ट केलं का? नसेलच केलं. ब्रशने लावतात, ब्रश त्याच डब्यात, डबा उघडा. 100 मिलिलिटर तेल पातळ करून गाळून पाह, झोप उडेल. अन् पॅकिंग. खरड्याच्या पुठ्ठ्यात पार्ट ठेवशील तर पुठ्ठ्याचे धागे फुकटात मिळतात. प्लास्टिकची पिशवी, तोंड बंद.

टेस्ट गावात होते का. होते, अर्धी. काचेचं फिल्टर होल्डर, हाताचा व्हॅक्यूम पंप, 5 मायक्रॉन पेपर, स्टीलची ट्रे, पिचकारीची बाटली, एवढं लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळते. पिचकारीतलं फ्लुइड 0.8 मायक्रॉनच्या पेपरमधून आधी गाळून घ्यायचं, नाही तर ब्लँक कधीच पास होणार नाही. वजनाचं अडते. पण जिल्ह्यात फार्मसी कॉलेजं असतातच, त्यांच्याकडे 0.1 मिलिग्रॅमचा काटा, ओव्हन, डेसिकेटर सगळं असते, प्राचार्यांना भेटून सांग, बहुतेक नाही म्हणत नाहीत. पेपर पेट्री डिशमध्ये झाकून ने, मोटारसायकलच्या डिक्कीत नको. एका पार्टाची घाण फार कमी येत असेल तर पाच-दहा पार्टांचं फ्लुइड एकाच पेपरवर गाळ अन् मंग भाग दे, काट्याची चूक विभागल्या जाते. पावसाळ्यात पेपर हवेतली ओल ओढते, डेसिकेटरमधून काढला की लगेच वजन, बोलत बसायचं नाही. सेल्युलोज नायट्रेटचा पेपर असेल तर ओव्हन जास्त तापवू नको, तो जळका पदार्थ आहे, अन् अॅसिटोन तर बिलकुल नाही. मी एकदा ‘लवकर सुकते’ म्हणून अॅसिटोन ओतलं अन् पेपरची खीर झाली होल्डरमध्येच. पॉलिएस्टरची जाळी घेतली तर ही कटकट कमी.

तेलकटपणाचं विचारलं नाहीस पण सांगतो, या टेस्टमध्ये तेलाची फिल्म पकडल्या जात नाही, ती फ्लुइडमध्ये विरघळून खाली निघून जाते. पुढं कोटिंग किंवा चिकटवण्याचं काम असेल तर वेगळी टेस्ट लागते, पार्टावर पाणी टाकून ते सलग पसरते का फुटते ते पाहायचं, किंवा डाइन पेनने रेघ मारून तिची शाई पसरते का आकसते ते. तुझ्या बॉडीला याची गरज नाही.

तर सोमवारी कंपनीत जाशील तेव्हा भांडायला जाऊ नको. परत आलेल्या लॉटमधले पाच पार्ट अन् तुझ्या शेल्फवरचे न हललेले पाच पार्ट, दोन्ही बंद पिशव्यांत घेऊन जा, अन् म्हण की माझ्यासमोर आधी ब्लँक घ्या, मंग हे दहा फक्त आतून धुवा, अन् पेपरचे फोटो द्या. शेल्फवरचे पार्ट चांगले निघाले अन् परत आलेले खराब, तर घाण वाटेत किंवा त्यांच्या स्टोअरमध्ये लागली. दोन्ही खराब निघाले तर पेपरचा फोटो मला पाठव, कुरळ्या चिप आहेत का वाळू ते पाहून सांगतो.